सहर्ष स्वागताची रिक्षा

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, दोन आवाज होते. घरातला आवाज अहिराणी बोलायचा, जरा बसका होता आणि बहुतेक वेळा चहा मागायचा. दुसरा आवाज माईक हातात आला की यायचा. तो शुद्ध मराठी बोलायचा, पोटातून यायचा, आणि भडगाव तालुक्यातल्या बहुतेक सगळ्या गावांच्या मंडपात तो घुमलेला होता. नाना लग्नात निवेदन करायचे. ज्यांनी आमच्याकडचं लग्न पाहिलेलं नाही त्यांना हे काम समजावून सांगावं लागतं. नवरदेव गावच्या वेशीवर येतो तेव्हा माईक सुरू होतो आणि शेवटची पंगत उठली की बंद होतो. माईकवरच्या माणसाचं खरं काम एकच, आलेल्या पाहुण्याचं नाव घेणं. "आत्ताच आपल्या मंडपात आगमन झालेलं आहे, प्रगतशील शेतकरी, विविध कार्यकारी सोसायटीचे माजी चेअरमन, आपल्या सर्वांचे लाडके..." असं सुरू झालं की तो पाहुणा मंडपाच्या दारातच रेंगाळतो, चप्पल काढल्यासारखं करतो, टोपी सारखी करतो, आणि "सहर्ष स्वागत!" कानावर पडल्यावरच आत पाऊल टाकतो. एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तो जेवताना मुकाट असतो. नाव घेतलं आणि पद राहिलं तर मात्र वर्षभर बोलत नाही. नानांना सगळ्या तालुक्याची पदं तोंडपाठ होती, माजी कोण आणि आजी कोण हेही.

आत्मकथन लिहावं असं माझं वय नाही, हे मला ठाऊक आहे. जळगावच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई मला अजून "बेटा" म्हणतात. पण लॉकडाऊनचे ते दिवस इतक्या झपाट्याने जुने झाले की आता माझी भाचीसुद्धा "तेव्हा खरंच शाळा बंद होत्या?" असं विचारते, आणि मी एखाद्या म्हातारीसारखी पाय पसरून सांगायला बसते. म्हणून म्हटलं, पुढे खरंच म्हातारी होईन तेव्हा लिहायचं ते आत्ताच लिहून ठेवावं.

गिरणेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणात लिंबाचं झाड. घरात चौघं. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ताई, म्हणजे सुजाता, बी.ए. करून झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली. ताईचा साखरपुडा थंडीतच झाला होता. विकास गावातच वायरमन होता, मे महिन्यात लग्न ठरलं होतं. ताईला तो मनापासून आवडला होता. ती बोलून दाखवायची नाही, पण आमच्या गल्लीतली लाईट गेली की तिच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. विकासही आमच्या दारासमोरच्या खांबावर गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा चढायचा. "त्या खांबले काय रोग लागेल शे का?" असं आई मुद्दाम मोठ्यांदा विचारायची.

आणि मग सगळं बंद झालं. नानांचा सीझन ऐन भरात यायचा तेव्हाच. रोज दोन-तीन फोन यायचे, "नाना, तारीख पुढे ढकलली." नाना प्रत्येकाला "काही हरकत नाही, मंगल कार्य आहे, होईलच" असं माईकवरच्या आवाजात सांगायचे आणि फोन ठेवून पडवीत येऊन बसायचे. घरात बसण्याची त्यांना सवयच नव्हती. पाहुणे नाहीत म्हटल्यावर ते घरातच स्वागत करायला लागले. आईनं तव्यावरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी काढली की, "आत्ताच ताटात आगमन झालेलं आहे, गरमागरम..." मी आंघोळ करून आले की, "बऱ्याच परिश्रमानंतर न्हाणीघरातून आगमन झालेलं आहे, कुमारी प्रज्ञा..." आम्ही पोरी हसून लोळायचो. आई मात्र लाटणं उगारून म्हणायची, "बठ्ठं जग बंद शे, तुमनं तोंड तेवढं चालू शे."

नगरपालिकेतून बोलावणं आलं ते अशा वेळी. गावभर फिरून "घराबाहेर पडू नका" असं सांगायला त्यांना माणूस हवा होता, आणि तालुक्यात नानांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज कुणाला आठवणार? रिक्षा आमच्या शेजारच्या सलीमभाईंची. सलीमभाई आधी भडगाव ते कजगाव स्टेशन सीटा मारायचे. गाड्या बंद, स्टेशन बंद, सीटा बंद, म्हणून त्यांच्या रिक्षावर दोन्ही बाजूंनी भोंगे बांधले आणि मागच्या सीटवर नाना बसले. पालिकेच्या साहेबांनी वाचायला कागद दिला होता. आम्ही तिघींनी दारात उभं राहून निरोप दिला, तेव्हा नाना "येसू" म्हणाले, म्हणजे येईन. आई म्हणाली, "जसं लिखेल शे तसंच वाचज्यात." नानांनी मान डोलावली, पण मान डोलावणं आणि ऐकणं यांत आमच्या घरात नेहमीच फरक होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. त्यात दोघांच्याही धंद्याची सवय होती. रस्त्याच्या कडेला कुणी उभं दिसलं की सलीमभाईंचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, कारण इतकी वर्षं उभा माणूस म्हणजे सीट. आणि रिक्षा थांबून समोर ओळखीचा माणूस दिसला की नानांच्या तोंडून नाव निघायचं. कागदावरचं "नागरिकांनी घरातच थांबावे" अर्धं वाचून व्हायचं, सलीमभाई ब्रेक मारायचे, आणि भोंग्यातून यायचं, "आत्ताच आपल्या ओट्यावर आगमन झालेलं आहे, आदर्श शिक्षक, साने गल्लीचे भूषण..." मास्तर खूश. शेजारचा ते ऐकून बाहेर आला, त्याचंही नाव झालं. त्याच्या पलीकडचा इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाजारपेठेत पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली होती, बायका पदर सारखा करून खिडकीत आल्या होत्या, आणि पोरं रिक्षामागे पळत होती. पालिकेचे साहेब मोटरसायकलवरून भरधाव आले. "नाना, लोकांना आत घालायला पाठवलं होतं तुम्हाला, तुम्ही वरात काढली!" सलीमभाई रात्री जेवताना ही गोष्ट त्यांच्या घरी सांगत होते आणि त्यांच्या घरातलं हसू आम्हाला आमच्या पडवीत ऐकू येत होतं. उद्या येऊ नका म्हणतात की काय, एवढीच नानांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद शब्दन् शब्द वाचला. कुणी बाहेर आलं नाही ते खरं, पण कुणी आतही गेलं नाही. पारावर चौघं पोरं पत्ते खेळत बसली होती ती तशीच बसून राहिली. तिसऱ्यांदा रिक्षा तिथून गेली तेव्हा नानांचा संयम सुटला. त्यांनी कागद खाली ठेवला, घसा साफ केला आणि मंडपातला खास आवाज काढला. "आत्ताच पारावर पत्ते खेळण्यासाठी आवर्जून उपस्थित राहिलेले, कॉलेजचे हुशार विद्यार्थी, आपल्या सर्वांचे लाडके चिरंजीव गणेश यांचं समस्त भडगावकरांच्या वतीनं सहर्ष स्वागत! त्यांचे वडील घरी ऐकत असतीलच, त्यांचंही मनःपूर्वक अभिनंदन!" गणेश पत्ते टाकून पळाला. बाकीच्या तिघांनी आपलं नाव यायच्या आत चपला हातात घेतल्या. सलीमभाईंना हसू आवरेना, त्यात रिक्षा बंद पडली.

नानांना आपल्या कामाची किल्ली सापडली होती. लग्नात जे नाव ऐकायला माणसं दारात ताटकळायची, तेच नाव भर उन्हात विनाकारण फिरताना भोंग्यातून आलं की कुणालाही नको व्हायचं. पोलिसांच्या काठीला चुकवणारे नानांच्या स्वागताला चुकवू शकत नव्हते, कारण काठी एका गल्लीत पडायची, स्वागत सगळ्या गावात ऐकू यायचं. आणि नाना कुणाचा अपमान करायचे नाहीत. प्रत्येकाला श्री, प्रत्येकाला पद, शेवटी हात जोडून सहर्ष स्वागत. दूध संघाच्या संचालकांचं झालं, मास्तरांचं झालं, माझ्या सख्ख्या मावशीच्या नवऱ्याचंही झालं, तो कोथिंबीर आणायला म्हणून निघाला होता आणि पिशवी विसरला होता. उलट जे घरी बसायचे त्यांच्या दारावरून जाताना नाना म्हणायचे, "सहकुटुंब घरात राहून सहकार्य करणारे..." मग लोकांचे आमच्या घरी फोन यायला लागले. "आम्ही बठ्ठा घरमाच शेतस, आमनं बी नाव लेवाले सांगा ना!" साहेबांनी नानांना चहा पाजला.

आमचा दिवस तेव्हा आवाजानं मोजला जायचा. सकाळी नाना बाजूच्या आळीत, मग पेठेत, मग नदीकडे. वाऱ्याची दिशा बदलली की शब्द पुसट व्हायचे, पण ओळख पटायची. आई भांडी घासता घासता म्हणायची, "आते मारुतीना पारजोडे शेत," म्हणजे पाराजवळ आहेत. शाळा बंद असल्यामुळे ती आता खिचडी शिजवत नव्हती, कोरडे तांदूळ मोजून पोरांच्या घरी पाठवत होती, आणि शिजवल्याशिवाय तांदूळ देणं तिला भिक्षा घातल्यासारखं वाटायचं. समोर राहणारी इंदूअक्का लग्नात खापरावरचे मांडे करायची. उपड्या मातीच्या खापरावर हातभर रुंद पुरणाचा मांडा टाकणारी बाई, तिचं खापर उलटं होऊन दारात ऊन खात पडलं होतं. अंतर ठेवून बसायचं असा नियम, म्हणून ती आपल्या ओट्यावर आणि आई आमच्या ओट्यावर बसून दोघी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घाटायच्या, आणि मधल्या रस्त्यावरून त्यांच्या गप्पा जोरजोरात जायच्या. त्यात कुठलंच गुपित राहायचं नाही. यावलकडे केळीच्या बागेत कामाला असलेल्या मामानं दुधाच्या गाडीतून केळीचे घड पाठवले होते, तिकडे माल उचलायला ट्रक नव्हते. आम्ही सकाळी केळी खायचो, दुपारी केळीची भाजी, संध्याकाळी केळीचे भजे. रोज शेवभाजीची आठवण काढायचो, शेव मिळत नव्हती. जयंतीला मिरवणूक नव्हती, तर नानांनी अंगणात निळं उपरणं घालून, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून, आम्हा तिघींसमोर मिरवणुकीचं अख्खं निवेदन केलं. इंदूअक्कानं पलीकडून टाळ्या वाजवल्या आणि खिरीची वाटी भिंतीवर ठेवून गेली.

आता ताईच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. भिकनआबा. उंच, सडपातळ, चालताना उजवा खांदा पुढे काढून चालणारे. पूर्वी जवळच्याच खेड्यात राहायचे, मुलाला नोकरी लागल्यावर भडगावात पेठेमागे घर घेतलं. माणूस शब्दाला पक्का आणि मानाला त्याहून पक्का. साखरपुड्यात त्यांनी व्याही म्हणून नानांना मिठी मारून "आते आपन याही नहीत, भाऊ शेतस" असं म्हटलं होतं. त्यांना एकच वाईट सवय, तंबाखू. टपऱ्या बंद होत्या, पण पेठेत एका टपरीची फळी अर्धी उघडी असायची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्या दुपारी मी, आई आणि ताई पडवीत बिबडे घालत होतो. ताई पळीनं पीठ सोडायची, मी पसरायची. नानांचा आवाज पेठेतून स्वच्छ येत होता, वारा आमच्याकडेच होता. "अत्यावश्यक कामाशिवाय... आत्ताच भर बाजारपेठेत आगमन झालेलं आहे..." आणि आवाज थांबला. भोंगा चालू होता, त्याची खरखर ऐकू येत होती, पण नाना बोलत नव्हते. नाना वाक्य अर्धं सोडतात हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आई म्हणाली, "गया का माईक?" ताईनं पळी तशीच हवेत धरली होती. मग आवाज आला, एरवीपेक्षा हळू, "श्री. भिकनराव. यांचं सहर्ष स्वागत." आणि लगेच घाईघाईनं कागदावरची वाक्यं.

पीठ पळीतून ताईच्या पायावर सांडलं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

पेठेत काय झालं ते सलीमभाईंनी नंतर सांगितलं. फळीच्या आडून आबा बाहेर पडले, तोंडाला टॉवेल, पण खांदा पुढे. टॉवेलनं तोंड झाकतं, चाल झाकत नाही. सलीमभाईंनी या वेळी ब्रेकवरचा पाय मुद्दाम उचलला होता, पण नानांच्या तोंडून "आगमन झालेलं आहे" निघून गेलं होतं आणि मग नानांना दिसलं की हे कोण. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत माणसं होती. सगळ्यांना ठाऊक होतं की हा नानांचा व्याही. मास्तर होते, दूध संघवाले होते, गणेशचा बाप होता, ज्यांची ज्यांची नावं घेतली होती ते सगळे बघत होते की आता नाना काय करतात. "नाना पसीना पसीना हो गये थे," सलीमभाई म्हणाले. आबा एक क्षण थांबले, भोंग्याकडे बघितलं आणि मान खाली घालून गल्लीत शिरले.

संध्याकाळी नाना घरी आले ते पडवीतच बसले. ताई बाहेर आली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "सगळ्या गावाचं स्वागत करता ना? माझं सासर तेवढं राहिलं होतं. झालं ते पण!" नाना म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तर उद्यापासून कुणाला काय तोंडानं..." "मग बोला ना तोंडानं! त्याच तोंडानं मला आता सांगा, लग्नाचं काय?" आईनं दोघांना पाणी दिलं आणि पहिल्यांदाच नानांना काही टोमणा मारला नाही. आई टोमणा मारत नाही म्हणजे गोष्ट गंभीर आहे, हे आम्हाला कळायचं.

आबांच्या घरून फोन बंद झाला. नानांनी केला तर उचलला जाईना. विकासचा ताईला एकच निरोप आला, "आबा कोणाशीच बोलत नाहीत, जेवतात आणि खाटेवर पडतात. विचारलं तर 'माले एवढंच का?' म्हणतात, बस." खांबावर कुणी चढेना. एकदा लाईट गेली तर दुसराच वायरमन आला, आणि ताईनं तो खांबावर असेपर्यंत खिडकीकडे पाठ करून ठेवली. नानांनी साहेबांना सांगितलं की मी रिक्षात बसतो पण आता फक्त कागद वाचीन. गावाला वाटलं नानांचा घसा बसला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. एरवी गल्लीत माहेरवाशिणींनी झोके गजबजलेले असतात, त्या वर्षी एकही लेक माहेरी येऊ शकली नव्हती. इंदूअक्कानं न राहवून खापर चुलीवर चढवलं आणि आमच्यासाठी मांडे केले. रसासोबत मांडा म्हणजे ताईचा जीव की प्राण, पण तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. नानांनी तेवढेही खाल्ले नाहीत. मला तेव्हा राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. करोनाचा असावा.

मग एके दिवशी ताईनं सकाळी केस विंचरले, वेणी घातली, जणू कुठे जायचं आहे, आणि थेट आबांच्या फोनवर फोन लावला. आम्ही सगळे भोवती. स्पीकर चालू. पलीकडून फोन उचलला गेला.

"आबा, जयभीम. मी सुजाता."

"जयभीम बेटा."

"आबा, आमच्या नानांचं चुकलं असेल तर मला सांगा. मी तुमच्या घरात यायची आहे. आता बोलला नाहीत तर मी आल्यावर किती दिवस गप्प बसाल?"

 मग आबा बोलले, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं.

"बेटा, नाव लिधं ते चांगलं कयं. तंबाखूकरता मीच निंघेल व्हतू, चूक मनी शे. पन माले एक सांग. मास्तरले 'आदर्श शिक्षक' सांगं. दूधवालाले 'संचालक' सांगं. त्या कोथिंबीरवालाले बी 'सामाजिक कार्यकर्ता' सांगं! आनि मना टाईमले निस्तं 'भिकनराव'? मी काय रस्तावर पडेल शे का? आठ गावमा लोके माले वळखतस. तंटामुक्ती समितीना उपाध्यक्ष व्हतू मी!"

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. ताई हसत होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. नाना मात्र तडक उठले आणि फोनजवळ तोंड नेलं. "आबा, मना जीभवर व्हतं ते पद. मी गिळी लिधं. तंटामुक्तीना उपाध्यक्ष तंबाखू लेता सापडना असं आख्खा गावले ऐकू जाई, म्हनीसन नही सांगं. तुमनी इज्जत राखाकरता थांबनू मी तेवढा वेळ."

पलीकडून मग खोकल्यासारखा आवाज आला. आबा हसत होते. "मनी इज्जत राखाकरता मना पद काढी लिधं? नाना, तुम्हीन बी कमाल करतस!" आजही आमच्या घरात कुणी कुणाचं फार भलं करायला निघालं की आई विचारते, "पद नही ना काढी लिधं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा पेठेमागच्या गल्लीत गेली. आबा उंबऱ्याच्या आत उभे होते, पांढराशुभ्र शर्ट, इस्त्री कडक. सलीमभाईंनी यावेळी मुद्दाम ब्रेक मारला. नानांचा घसा आपोआप बरा झाला होता. "सहकुटुंब घरात राहून सहकार्य करणारे, तंटामुक्ती समितीचे माजी उपाध्यक्ष, आठ गावांत परिचित असलेले व्यक्तिमत्त्व, आमचे व्याही..." आम्हाला घरी सगळं ऐकू आलं, शब्दन् शब्द. त्याच दुपारी आमच्या गल्लीतली लाईट गेली. कशी गेली हे कुणी विचारलं नाही.

लग्न ठरल्याप्रमाणे मे महिन्यातच करायचं असं आबांनीच सांगितलं. परवानगी मोजक्याच माणसांची, मंडप नाही, बँड नाही, माईक नाही. माईक नाही हे साहेबांनी नानांना दोनदा बजावलं. आमच्याच अंगणात, लिंबाखाली लग्न झालं. जमिनीवर चुन्यानं गोल आखले होते, प्रत्येकाने आपापल्या गोलात बसायचं. त्रिसरण, पंचशील झालं. फुलवाला बंद होता, म्हणून मी आणि इंदूअक्कानं सकाळी शाळेजवळच्या गुलमोहराखालून पाकळ्या वेचून आणल्या होत्या, त्याच दोघांवर पडल्या. ताईच्या केसांत लाल पाकळ्या अडकल्या होत्या आणि विकास तिच्याकडे असा बघत होता की सलीमभाईंनी त्याला हळूच म्हटलं, "जमाईराजा, खंबे पे नहीं हो, गिर जाओगे." वरण-बट्टी आईनं केली, मांडे इंदूअक्कानं. हजार-हजार माणसांचे मांडे करणारी बाई एवढ्याशा माणसांसाठी करताना घाबरली होती, पुरण तिला कितीचं घ्यावं तेच कळेना. शेवटी एवढं उरलं की प्रत्येक जण डबा भरून घेऊन गेला.

आणि नानांनी स्वागत केलं. माईक नव्हता, पण सवयीनं त्यांनी उजवी मूठ तोंडासमोर धरली होती आणि तिच्यात बोलत होते. माणसं थोडी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर आलं. सलीमभाईंना "संकटकाळात गावाला साद घालणारे सारथी" म्हटलं तेव्हा ते गोलातून उठून उभे राहिले. विकासची आई कधी कुठल्या पदावर नव्हती, तिला नाना "अठ्ठावीस माणसांचं घर सांभाळलेल्या" म्हणाले, आणि ती माउली डोळ्यांना पदर लावून बसली. इतक्या वर्षांत मी नानांना तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. तोवर मला वाटायचं, नाना नुसती नावं घेतात.

मग पाठवणीची वेळ आली. त्या वेळी निवेदकाचं एक ठरलेलं वाक्य असतं. वधूपक्षाच्या वतीनं पाहुण्यांचे आभार, आणि लेकीला सांभाळून घ्या अशी विनंती. हे वाक्य नानांनी किती जणांच्या लेकींसाठी म्हटलं असेल त्याला गणती नाही, आणि म्हणताना ते दुसऱ्या हातानं पुढच्या पंगतीला खूण करत असायचे. ताई समोर येऊन उभी राहिली. नानांनी मूठ तोंडासमोर धरली. "वधूपक्षाच्या वतीनं..." म्हणाले. पुढे शब्द येईना. पुन्हा म्हणाले, "वधूपक्षाच्या..." मूठ तशीच हवेत, ओठ हलताहेत, आवाज नाही. ना माईकवरचा, ना घरातला. आम्ही सगळे आपापल्या गोलांत उभे, कुणाला काय करावं सुचेना.

आबा आपल्या गोलातून बाहेर आले. अंतराबिंतराचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी नानांची ती मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढून स्वतःच्या तोंडासमोर नेली.

"बठ्ठास्नी आयकी ल्या," आबा त्या मुठीत बोलले. "हाई पोर आते मनी शे. आनि हाऊ मानूस तिना बाप शे, तालुकाना बठ्ठा मंडपमा बठ्ठास्ना मान राखनारा. बठ्ठा गाव बंद राही, बठ्ठा रस्ता बंद राहीत, पन ह्या मानूसले मना घर येवाकरता कोनताच पास लागस नही."

मूठ त्यांनी परत नानांच्या तोंडाशी आणली. अख्ख्या गावाला घराबाहेर पडू नका म्हणून सांगत फिरलेल्या माझ्या बापानं त्यांच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि घरातल्या बसक्या आवाजात एवढंच म्हणाला, "येसू."